आधी जीन्स की आधी ऊर्जा?

पावसात लाइट गेली की रत्नागिरीत वाचनच होतं. सिद्धार्थ मुखर्जींचं 'द जीन' (जीन्स म्हणजे आनुवंशिक गुण ठरवणाऱ्या सूचना, त्यांची गोष्ट) सरसर संपलं, घरातल्या मानसिक आजाराबद्दल लिहिलंय ते मात्र जड जातं. आता निक लेनचं 'द व्हायटल क्वेश्चन' चालूय, २०१५ चं. पृथ्वीवर जीव कसा सुरू झाला, यावर हा बाबा म्हणतो जीन्सचं नंतर बघू, आधी ऊर्जा कुठून आली ते सांगा! त्याच्या मते सुरुवात इथे: समुद्रतळाशी अल्कलाइन झरे, त्यांच्या दगडात बारीक बारीक भोकं, आत झऱ्याचं पाणी, बाहेर तेव्हाचा ॲसिडिक समुद्र, मधे पातळ भिंत, म्हणजे दोन बाजूंच्या प्रोटॉनच्या (हायड्रोजनच्या धन कणांच्या) प्रमाणात फरक आयताच तयार, आणि आपल्या पेशी आजही असाच फरक वापरून एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनवतात, कमालच ना? (आपली तुरळ-राजवाडीची गरम पाण्याची कुंडं जमिनीवरची हां, ती वेगळी.) मिलरचा १९५३ चा ठिणग्यांचा प्रयोग (वायूंत ठिणग्या पाडून जीवाला लागणारी रसायनं बनवायचा) आपण घोकलेला, लेन त्याला फारसा भाव देत नाही. केमिस्ट्रीला घाबरत असाल तर मुखर्जींपासून सुरू करा.