तुम्ही विचारलंत म्हणून: पत्र्याच्या खेळण्यावरची चमक

जुन्या पत्र्याच्या खेळण्यांचे फोटो टाकले की हमखास विचारणा होते: ‘आमच्या फोटोत खेळण्यावर पांढरे डाग पडतात, अर्धं छापील चित्र त्यात जातं. ही चमक घालवायची कशी?’

घालवू नका. अशी खेळणी कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर शाई छापून आणि वर वार्निश देऊन बनवलेली असतात. शाई जिथे पारदर्शक आहे तिथे खालचा धातू झळकतो आणि रंगाला खोली येते. ती झळाळी काढून घेतली की फोटोत पुठ्ठ्याचं खेळणं दिसतं. पांढरा डाग म्हणजे तुमच्या दिव्याचं प्रतिबिंब. चकचकीत पत्र्यात समोर असेल ते सगळं दिसतं: दिवा, खिडकी, छत, तुमचा शर्ट. तेव्हा काम एवढंच, की त्या पत्र्यात काय दिसावं हे आपण ठरवायचं.

आधी जागा शोधा. लेन्स जिथे असणार तिथे डोळा नेऊन खेळण्याकडे बघा आणि दुसऱ्या हाताने दिवा फिरवा. सपाट बाजूवर, म्हणजे बसच्या अंगावर किंवा खोक्याच्या झाकणावर, दिवा थोडा सरकवला की प्रतिबिंब निघून जातं. इंजिनाचा बॉयलर किंवा रोबोचं डोकं यांसारख्या गोल भागावर मात्र दिवा कुठे ना कुठे दिसणारच. तिथे त्याचा आकार बदलायचा. १५ सेंमी लांबीच्या खेळण्यासाठी साधारण ६० × ६० सेंमीच्या चौकटीवर ट्रेसिंग पेपर ताणून लावा. ही चौकट खेळण्याच्या वर, किंचित मागे, २५ ते ३० सेंमीवर धरा आणि दिवा कागदापासून ४०-५० सेंमी मागे ठेवा. दिवा कागदाला चिकटवून ठेवला तर मधोमध प्रखर ठिपका उरतो आणि सगळी खटपट वाया जाते. दिवा मागे नेला की पूर्ण कागद सारखा उजळतो. मग गोल भागावर ठिपक्याऐवजी लांब, मऊ कडांचा पट्टा येतो आणि तो पट्टाच डोळ्याला गोलाई सांगतो.

चारही बाजूंनी पांढरं कापड असलेला लाइट टेंट बरेच जण विकत घेतात आणि निराश होतात. सगळीकडे पांढरंच दिसत असल्याने पत्र्याच्या कडा पार्श्वभूमीत विरघळतात. उपाय सोपा आहे: खेळण्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर, दोन-तीन सेंमी रुंदीच्या काळ्या कार्डाच्या पट्ट्या उभ्या करा. कडेला बारीक काळी रेघ उमटते आणि आकार सुटा होतो. ज्या फटीतून लेन्स डोकावते तिचा काळा डाग घुमटाकार भागावर दिसत असेल, तर कॅमेरा लांब न्या आणि जास्त फोकल लेंथ (म्हणजे जास्त झूम) वापरा.

पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चमक अडवणारा फिल्टर, सगळीच चमक घालवतो असाही गैरसमज आहे. वार्निश, रंग, काच, प्लॅस्टिक यांवरून तिरकस परावर्तित होणारा प्रकाश तो बराच अडवतो. उघड्या धातूवरची साध्या दिव्याची चमक त्याला जुमानत नाही. दिव्यावरही पोलरायझिंग फिल्म लावून लेन्सवरचा फिल्टर तिच्याशी काटकोनात फिरवला, तर धातूची चमकही जाते, पण धातू काळपट, मेलेला दिसतो. १९६८ पासूनच्या सुरुवातीच्या हॉट व्हील्स या छोट्या खेळण्यातल्या गाड्यांवर चकाकत्या धातूवर दिलेला पारदर्शक रंग आहे. त्या गाड्यांवर ही युक्ती केली तर त्यांचं वैशिष्ट्यच पुसलं जातं. झिजलेलं छापील अक्षर वाचायचं असेल तेव्हा मात्र ती जरूर वापरा.

दिवा एलईडीच घ्या, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, कमाल १००) ९५ किंवा वर. सेल्युलॉइडच्या बाहुल्या आणि खुळखुळे सेल्युलोज नायट्रेटचे असतात. उष्णतेने ते वाकतात आणि चटकन पेट घेतात, त्यामुळे हॅलोजनचा दिवा त्यांच्या जवळपासही नको. खिडकीचा उजेड आणि दिवा एकत्र वापरू नका. एक बाजू निळसर, दुसरी पिवळट होते आणि व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्याच्या रंगछटा दुरुस्तीने, दोन्ही एकदम सुधारत नाहीत. पहिला फोटो ग्रे कार्डचा, म्हणजे रंग जुळवायला वापरायच्या करड्या कार्डाचा, काढा. फोटोत आडवे पट्टे दिसले तर दिवा लुकलुकतोय असं समजा: वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर शटर १/५०, ६० हर्ट्झचा असेल तर १/६० किंवा त्याहून हळू ठेवा.

लाल रंग सर्वांत जास्त दगा देतो. एकूण हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, ठीक दिसतो, पण त्यातला लाल रंगाचा भाग आधीच टोकाला गेलेला असतो. मग रंगाचे उडालेले टवके, ब्रशच्या रेषा सगळं एका सपाट लालात बुडतं. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि एक्सपोजर १/३ ते २/३ स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पांढऱ्या पार्श्वभूमीवर कॅमेरा उलट चूक करतो, तिला करडी करतो, तिथे साधारण एक स्टॉप वाढवावा लागतो. संपूर्ण संग्रहासाठी मध्यम करडा कागद मला सर्वांत पटतो, कारण त्यावर पांढरं खेळणंही उठून दिसतं आणि काळंही.

अंतराकडे लोक लक्ष देत नाहीत. मोबाइल २० सेंमीवर नेला की गाडीचं नाक फुगतं आणि मागची चाकं आक्रसतात, शिवाय बरेच फोन जवळ गेल्यावर गुपचूप अल्ट्रावाइड लेन्सवर जातात. मॅक्रो मोड बंद करा, २× किंवा ३× लेन्स निवडा, ७० सेंमी ते एक मीटर मागे जा आणि नंतर क्रॉप करा. कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स, आयएसओ १००, एफ/११ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तर छिद्र लहान), ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. एफ/२२ वर जाऊ नका, अगदी लहान छिद्रातून प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि सगळंच मऊ पडतं. इतक्या जवळून स्पष्टता फोकसच्या पुढे आणि मागे जवळपास सारखीच पसरते. त्यामुळे अगदी पुढच्या टोकावर फोकस केला तर अर्धी स्पष्टता खेळण्यापुढच्या रिकाम्या हवेत जाते. थोडं आत, पुढच्या चाकाच्या आसपास फोकस धरा, किंवा फोकस थोडा थोडा सरकवत सहा ते दहा फोटो काढून ते एकत्र जोडा (फोकस स्टॅकिंग).

खेळण्याला हात लावण्याआधी नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोज्यातून गुळगुळीत पत्रा निसटतो. धूळ फुंकणीने आणि मऊ ब्रशने काढा. ओलं फडकं, पॉलिश, तेल यांतलं काहीही फोटोसाठी म्हणून लावू नका. ओल ओरखड्यांतून शिरते आणि आतून गंज धरतो, पॉलिशने छपाई झिजते. चावी असेल तर फोटोपुरती स्प्रिंग गच्च भरू नका. बॅटरीचं खेळणं असेल तर झाकण उघडून गळती झाली आहे का तेही बघून घ्या.

तळाचा फोटो कधीही टाळू नका. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असेल तर ते खेळणं दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता त्या काळातलं, म्हणजे १९५२ पर्यंतचं. ‘लेस्नी’ हे बनवणाऱ्या कंपनीचं नाव मॅचबॉक्सच्या जुन्या छोट्या गाड्यांच्या तळावर ओतीव असतं. अशी उठावदार अक्षरं समोरच्या उजेडात बुडून जातात. दिवा एका बाजूला, पृष्ठभागापासून १० ते १५ अंशांवर ठेवा, प्रत्येक अक्षराची सावली पडते. महायुद्धापूर्वीच्या डिंकी या ओतीव धातूच्या खेळण्यातल्या गाड्यांमधला झिंक रॉट, म्हणजे धातूची कीड, हीही याच तिरक्या उजेडात दिसते. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेल्याने धातू आतून फुगतो आणि केसासारख्या चिरा पडतात. अशा गाडीला चाकांनी किंवा आसाने उचलू नका, खालून आधार द्या. दर वर्षी त्याच कोनातून, त्याच दिव्यात फोटो काढलात तर चिरा वाढल्या का हे मिलिमीटरने कळतं.

बाकीच्या बाजू पटापट होतात: पाऊण कोन (पुढची आणि एक बाजू एकत्र दिसेल असा), दोन्ही कुशी, पुढून, मागून, वरून, चावी, खोक्याची प्रत्येक बाजू, आणि एका फोटोत मोजपट्टी. फाइल एसआरजीबी या वेबवर सर्रास चालणाऱ्या रंगमानकात, लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेगची गुणवत्ता ८५ च्या आसपास. जागेची जीपीएस नोंद काढून टाका. संग्रह कुठे ठेवला आहे हे जगाला कळायचं कारण नाही.

रिटचिंग करताना सेन्सरवरचा ठिपका, राहून गेलेला धुळीचा कण, कागदावरची सुरकुती खुशाल पुसा. खेळण्यावरचा ओरखडा, गंज, पोचा यांना हात लावू नका. उलट त्यांचे वेगळे क्लोज-अप द्या. बदललेली चाकं, नव्याने रंगवलेला भाग, नव्याने छापलेलं खोकं ही माहिती त्याच फोटोखाली लिहा, कारण फोटो पुढे फिरत जातो आणि दुसरीकडे लिहिलेली टीप मागेच राहते.