गाडीची कात

गेल्या दसऱ्याला बाबांनी गाडीला हार घातला. आमच्या गाडीच्या नाकाला हार अडकवायला धड जागा नाही, म्हणून त्यांनी तो सेलोटेपने बॉनेटवर चिकटवला. हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग झालं. दुसऱ्या दिवशी सुकलेला झेंडू काढायला मी टेप ओढली, तर टेपेबरोबर पंजाएवढा पापुद्रा निघून आला.

मला वाटलं, रंगच निघाला. पण पापुद्रा उजेडात धरला तर आरपार दिसत होतं. कांद्याच्या दोन पाकळ्यांमध्ये असतो ना, तसा. बिनरंगी, जरासा पिवळट, बोटांत धरला तर चुरा होणारा. रंग होता तिथेच होता, गाडीवर. फक्त डाळिंबी म्हणून घेतलेली गाडी तेवढ्या जागेत वाळलेल्या आमसुलासारखी दिसत होती.

चौदा वर्षं मी ज्याला गाडीचा रंग म्हणत होते तो नुसता रंग नव्हताच. पत्र्यावर प्रायमरचं अस्तर, त्यावर रंगाचा पातळसा हात आणि सगळ्यात वर हा पारदर्शक थर. याला पेंटरमंडळी ‘क्लिअर’ म्हणतात. झळाळी सगळी त्याची. जाडी जेमतेम ४०-५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही कमी. ऊन, पाऊस, कबुतरं, सगळं तोच अंगावर घेतो. त्याच्यात ऊन शोषून घेणारी द्रव्यं मिसळलेली असतात आणि ती हळूहळू संपत जातात. मग क्लिअर आधी धुरकट होतो, मग त्याला बारीक भेगा पडतात, मग कडेने तो उचलायला लागतो. आमच्या पार्ल्याच्या सोसायटीत छपराखालचं पार्किंग जुन्या सभासदांना, आम्ही उघड्यावर. त्यामुळे छत, बॉनेट आणि डिकी, जे जे आभाळाकडे तोंड करून होतं ते सगळं गेलं. उभी दारं मात्र अजून केस विंचरता येतील इतकी लखलखीत.

वॉचमन म्हणाला, गाडी कात टाकतेय. कात टाकल्यावर सापाला खाली नवी कातडी तरी मिळते!

मग सल्ले सुरू झाले. टूथपेस्ट. केळ्याची साल. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं खोबरेल तेल, जे त्या बहुधा संधिवातावरही सुचवतात. तेल मी खरंच लावून पाहिलं. तासभर गाडी नवरीसारखी दिसली आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या पार्ल्याची धूळ तिच्यावर येऊन बसली. पावसाळ्यात तर पैसाही खर्च न करता तोच चमत्कार व्हायचा. ओल्या गाडीवरचे डाग दिसतच नाहीत. खरबरीत झालेल्या जागेवर उजेड विखुरतो म्हणून ती फिकी दिसते. पाण्याने खाचखळगे भरले की खालचा रंग पुन्हा गडद होतो. जून ते सप्टेंबर माझी गाडी नवी होती. ऊन पडलं की पुन्हा आमसूल.

गणपती गेल्यावर पेंटरकडे गेले. गल्लीतल्या शेडमध्ये एकच माणूस, कोकणातला, मोजकं बोलणारा. त्याने उचललेल्या कडेखाली नख घातलं, थोडं पुढे सरकवलं, आणखी एक पापुद्रा टचकन उडाला. मग बॉनेटवरून तळहात फिरवत विचारलं, “ताई, रबिंग कोण करायचं हिला?”

“मीच. दर दिवाळीला.”

तो काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

रबिंग मला बाबांनी शिकवलं. गिरगावात असताना आमची फियाट होती, फिकट निळी. दर रविवारी बाबा बनियनवर खाली उतरायचे, डब्यातली रबिंगची लापशी फडक्यावर घ्यायचे आणि गोल गोल घासत बसायचे. मी शेजारी दुसरं फडकं घेऊन. थोड्या वेळाने फडकं निळं व्हायचं. “मेलेला रंग निघाला,” बाबा म्हणायचे, “आता खालचा जिवंत.” आणि तसंच असायचं. त्या गाड्यांना रंग आणि चकाकी एकाच थरात असे, वरचा उन्हाने मेलेला भाग घासून काढला की खालून ताजा निघे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ड्रायव्हरही स्टँडवर उभ्या उभ्या तेच करत असत. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची, म्हणजे फियाटच ती, वीस वर्षांची मुदत भरली आणि ती रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर तसली काळी फडकीही गेली असणार.

मी तेच घासणं या गाडीवर चालू ठेवलं. फडकं कधी डाळिंबी झालं नाही, पांढरंच राहिलं, तर मला वाटायचं, काय पक्का रंग आहे! निघत होता तो क्लिअर, आणि तो फडक्यावर दिसणार कसा? उन्हाने जे केलं असतं ते केलंच, पण दर दिवाळीला चार-दोन मायक्रॉन मी स्वतःच्या हाताने, घाम गाळून, प्रेमाने काढत होते.

“पॉलिशने भरून येईल का?” मी उगाच विचारलं.

“जे राहिलंच नाही ते चमकवणार कसं?” तो म्हणाला. नुसत्या गेलेल्या जागी क्लिअर मारूनही भागत नाही, जुन्या थराची कड वर्षभरात पुन्हा उचलते. सगळा पॅनल काचपेपर मारून साफ करायचा, प्रायमर, रंग, मग क्लिअर. छताचे सहा हजार, बॉनेटचे साडेचार. रंगाचा नंबर गाडीवरच्या पट्टीवर असतो तो मी मोठ्या हुशारीने लिहून नेला होता. त्याने कागद वाचला, दाराकडे बघितलं आणि म्हणाला, “कोडचा रंग मिळेल. पण तुमची गाडी आता कोडची राहिली नाही.” चौदा उन्हाळ्यांनी दारंही अर्धा टोन उतरली होती. रंग दाराला मिळवून घ्यावा लागणार होता. वर पाऊस पुरता जाऊ दे म्हणाला, दमट हवेत काम पांढरट पडतं.

पुढच्या वर्षी गाडीला पंधरा पूर्ण होतात. मग आरटीओत पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर. अशा गाडीवर साडेदहा हजार घालायचे की नाही, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली आणि डिकी तशीच ठेवायची असा तह झाला.

दसऱ्यानंतर गाडी दिली. यंदा हार दोऱ्याने वायपरला बांधला होता, हे वेगळं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी बघायला गेले. त्याने धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलं होतं, काचांना वर्तमानपत्रं आणि मास्किंग टेप. बॉनेटवर रंग मारून झाला होता आणि तो बघून माझ्या पोटात गोळा आला. मळकट, निस्तेज, कुठल्याशा जुन्या पाटासारखा. “हा आपला रंग नाही,” मी म्हटलं.

“थांबा ना. रंग असाच असतो.”

त्याने तोंडाला मास्क बांधला, हार्डनर घातलेला क्लिअर गनमध्ये भरला आणि मला शेडबाहेर काढलं. दारातून दिसलं तेवढं सांगते. गन डावीकडून उजवीकडे गेली आणि तिच्यामागे एक ओली पट्टी उजळत गेली, जणू कुणी पडदा ओढत नेला. मळकट बॉनेटात आधी शेडची ट्यूबलाइट उमटली, मग पत्र्याचं छप्पर. दुसऱ्या हातानंतर त्यात एक चिलटही उमटलं, पण ते खरंच होतं आणि चिकटलं होतं. पेपर मारून काढून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. आता त्या थरावर कुणी काही घासावं हे मला ऐकवेना.

“महिनाभर वॅक्स नाही, काही नाही,” गाडी देताना त्याने बजावलं. “नुसतं पाणी.”

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून बाबा खाली गेले. चौऱ्याऐंशीच्या वयात लिफ्ट न घेता, त्याच बनियनवर. मी चहा टाकून गॅलरीत आले तर ते बॉनेटवर वाकून फडकं फिरवत होते, गोल गोल. मी तशीच धावत खाली गेले. सुदैवाने रबिंगचा डबा मी आधीच लपवला होता, फडकं कोरडंच होतं.

बाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

“नीट घासलं नाहीस तू,” म्हणाले. “बघ, काहीच निघत नाहीये.”