सूचनापेटी रिकामी का राहते?

"तुमच्याकडच्या बायका आपणहून युक्त्या सुचवतात, आमची सूचनापेटी वर्षभर रिकामी. असं का?" वेंगुर्ल्याजवळ माझा छोटा काजू कारखाना आहे, इतर कारखानदार हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आधी मी दुसऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. कटिंगला किलोमागे मजुरी. हाताला तेल-राख लावून बायका पायाच्या मशीनवर बी फोडायच्या. त्यातल्या एका काकीने बी चाळून मोठी, मधली, बारीक असे तीन ढीग केले आणि पात्यांमधलं अंतर ढिगाप्रमाणे लावून घेतलं. पातं गरात घुसेना, पाकळी म्हणजे दुभंगलेला गर कमी झाला, अख्खा गर वाढला, कामही भरभर होऊ लागलं. मालकांनी तीच पद्धत सगळ्या मशीनना लावली. आणि पुढच्याच महिन्यात 'आता काम सोपं झालंय' म्हणून किलोचा दर उतरवला.

त्यानंतर त्या शेडमध्ये कुणी तोंड उघडलं नाही. युक्त्या होत्या, मला दिसायच्या. मी जवळ गेले की हात पुन्हा जुन्या पद्धतीने चालायचे. काकीला विचारलं तर म्हणाली, "सांगान काय करू? दर आमचोच उतरतलो." तिचं काय चुकलं? मला आजही तिचंच पटतं.

जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकन अभ्यासकाने १९९० मध्ये कारखान्यांतल्या तात्पुरत्या १५ टक्के पगारकपातीचा अभ्यास मांडला. कपात सारखीच, पण जिथे कारण नीट, आपुलकीने समजावलं तिथे कामगारांच्या चोऱ्या, जिथे नीट समजावलं नाही त्या कारखान्यापेक्षा, बऱ्याच कमी होत्या. म्हणजे किती मिळालं याइतकंच ते कसं ठरलं, हेही माणसं बघतात.

माझ्याकडे वजनकाट्याचं तोंड बायकांकडे आहे. दर हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर ठरतो, वहीत लिहिला जातो, आणि कुणाच्या युक्तीपायी तो उतरत नाही. तरी पहिला अख्खा हंगाम कुणी काही सुचवलं नाही. मी कासावीस व्हायचे.

गेल्या पावसात सोलणीतली एक वहिनी आली. ड्रायरमधले सगळे ट्रे एकदम काढले की दमट हवेत दुपारपर्यंत गर ओल धरतो, साल सुटत नाही, सुरीने खरवडताना गर तुटतो. दोन खेपांत काढूया, असं तिचं म्हणणं. पण ते सांगण्याआधी दारातच थांबून तिने विचारलं, "ताई, दर बदलूचो नाय मा?"

मी वही उघडून तिच्यासमोर धरली.