फौंड्रीतली क्ष-किरण नळी आणि माझी लेव्हल टू परीक्षा

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मी गुणवत्ता विभागात काम करतो. आमच्याकडे पोलादी व्हॉल्व्हच्या बॉडी ओतल्या जातात आणि कास्टिंगच्या पोटात राहिलेले ब्लो होल (वायूमुळे पडलेली पोकळी) किंवा श्रिंकेज (धातू थंड होताना आकसल्याने राहिलेली पोकळी) बाहेरून दिसत नसल्यामुळे महत्त्वाच्या मालाची क्ष-किरण तपासणी करावी लागते. दोन वर्षे हे मशीन हाताळल्यावर मी रेडिओग्राफीच्या, म्हणजे क्ष-किरण तपासणीच्या, लेव्हल टू (दुसऱ्या पातळीच्या) परीक्षेला बसलो आणि तोंडी परीक्षेतल्या पहिल्याच प्रश्नावर अडलो. व्होल्टेज तेवढेच ठेवून मिलिअँपिअर, म्हणजे नळीतला विद्युतप्रवाह, दुप्पट केला तर काय होईल, असे परीक्षकांनी विचारले होते. किरण जास्त जाड धातूतून पार जातील, असे मी ठामपणे सांगितले. ते उत्तर चूक होते आणि त्या वेळी मी नापास झालो.

परत आल्यावर नळीच्या आत नेमके काय घडते, हे मुळापासून समजून घ्यायचे मी ठरवले. नळीतली हवा पूर्ण काढलेली असते. एका टोकाला टंगस्टनची बारीक तार असते. ती तापून दोन हजार अंशांच्या वर गेली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. समोर तांब्याच्या जाड दांड्यात बसवलेली टंगस्टनची तिरपी चकती असते, तिला टार्गेट म्हणतात. या दोघांमध्ये 200 किलोव्होल्टचा दाब दिला की इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे सत्तर टक्के वेगाने चकतीवर जाऊन आदळतात. टंगस्टनच्या अणुकेंद्रात 74 प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे इलेक्ट्रॉनची वाट वळते, वेग एकदम कमी होतो आणि त्याने गमावलेली ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. या किरणांना जर्मन भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थच ‘ब्रेक लागल्याने निघणारे किरण’ असा होतो आणि ते नाव कळल्यावर माझ्या डोक्यातला बराच गुंता सुटला. एखादा इलेक्ट्रॉन केंद्राच्या अगदी जवळून जाऊन जवळजवळ सगळी ऊर्जा एका झटक्यात देऊन टाकतो, तर बहुतेक इलेक्ट्रॉन ती थोडी थोडी करून गमावतात. त्यामुळे नळीतून एकाच ऊर्जेचे किरण निघत नाहीत, लहानमोठ्या सगळ्या ऊर्जांचे मिश्रण निघते. मात्र 200 किलोव्होल्टला 200 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त ऊर्जेचा एकही किरण निघू शकत नाही, कारण इलेक्ट्रॉनकडे मुळात तेवढीच ऊर्जा असते.

माझ्या चुकीचे उत्तर इथेच होते. मिलिअँपिअर वाढवले की तारेतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनची संख्या वाढते, म्हणून किरणही तेवढ्या प्रमाणात जास्त निघतात, पण प्रत्येक किरणाची ताकद वाढत नाही. ती ताकद व्होल्टेज ठरवते. हे कळल्यावर मला एक जुना प्रसंग आठवला. एका जाड फ्लँजची फिल्म फिकट आली म्हणून मी दर वेळी व्होल्टेजच वाढवत गेलो होतो. फिल्म काळी झाली खरी, पण सगळीकडे सारखीच करडी दिसू लागली आणि पेनेट्रामीटरचे, म्हणजे फिल्मचा दर्जा तपासायला मालावर ठेवतात त्या छिद्रे असलेल्या पातळ पट्टीचे, 2टी हे छिद्र (पट्टीच्या जाडीच्या दुप्पट व्यासाचे) ओळखू येईना. जोरदार किरण जाड भागातून आणि पोकळ भागातून जवळजवळ सारखेच पार गेल्यामुळे दोन्हींतला फरक पुसला गेला होता. पुढे तसाच माल आला तेव्हा व्होल्टेज कमी ठेवून मिलिअँपिअर आणि वेळ वाढवला. डार्करूममधून फिल्म बाहेर काढून व्ह्यूअरवर लावली, तेव्हा ते छिद्र टाचणीच्या डोक्यासारखे स्वच्छ दिसले आणि त्याच्या शेजारी श्रिंकेजची पिसासारखी काळसर रेघही दिसली.

टंगस्टनमधून आणखी एका प्रकारे किरण निघतात. येणाऱ्या इलेक्ट्रॉनने अणूच्या सर्वांत आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवला, तर ती रिकामी जागा बाहेरच्या कवचातला इलेक्ट्रॉन भरतो आणि ठरावीक ऊर्जेचा किरण सुटतो. टंगस्टनसाठी ती ऊर्जा सुमारे 59 आणि 67 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि त्यासाठी नळीला 69.5 किलोव्होल्टपेक्षा जास्त दाब द्यावा लागतो. स्फटिकांची रचना अभ्यासणाऱ्या यंत्रांत बहुधा तांब्याचे टार्गेट वापरून असेच ठरावीक किरण मिळवतात. आमच्या कामात त्यांचा वाटा कमी असतो, पण परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

सगळ्यांत जास्त मी शिकलो ते उष्णतेबद्दल, आणि तेही नुकसान झाल्यावर. ऑगस्ट 2019च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि आमचे मशीन बरेच दिवस बंद राहिले. कारखाना सुरू झाल्यावर साचलेला माल लवकर पाठवायचा म्हणून मी वॉर्म-अप न करता, म्हणजे व्होल्टेज हळूहळू न वाढवता, थेट पूर्ण व्होल्टेज दिले. नळी लगेच ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि पुढच्या प्रयत्नांतही ट्रिप होत राहिली. बंद राहिलेल्या नळीत धातूंमधून थोडा थोडा वायू सुटून निर्वात जागेत साचतो. व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवले तर तो पुन्हा धातूत शोषला जातो. एकदम वाढवले तर इलेक्ट्रॉन त्या वायूवर आदळतात आणि आतच ठिणगी पडते. शेवटी ती नळी बदलावी लागली. दुरुस्तीला आलेल्या वयस्कर इंजिनीअरांनी जुनी नळी माझ्यासमोर उघडली आणि म्हणाले, “हे बघा, मार कुठं बसलाय ते.” चकचकीत करड्या चकतीच्या मध्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढा खरखरीत डाग होता आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. 200 किलोव्होल्ट आणि 5 मिलिअँपिअर म्हणजे हजार वॉट. त्यातला जेमतेम एक टक्का किरणांत जातो. बाकीची सगळी उष्णता त्या एवढ्याशा डागावर उतरत होती. टंगस्टनच का, याचे अर्धे उत्तर मला पुस्तकातून मिळाले होते. वितळायला 3422 अंश लागणारा धातू का निवडला असेल आणि त्याच्या पाठीमागे उष्णता ओढून नेणारे तांबे का असते, हे उरलेले अर्धे उत्तर त्या डागाने दिले.

दुसऱ्यांदा तोंडी परीक्षेला बसलो तेव्हा मिलिअँपिअरचा प्रश्न आला नाही. बटण बंद केल्यावर खोलीत क्ष-किरण किती वेळ राहतात, असे विचारले गेले. उच्च दाब बंद झाला की इलेक्ट्रॉन चकतीवर आदळणे थांबते आणि किरण त्याच क्षणी बंद होतात, पण इरिडियम 192 या किरणोत्सारी स्रोतातून किरण सतत निघत असल्याने त्याच्या बाबतीत असे होत नाही, असे मी सांगितले. पंधरा दिवसांनी मी उत्तीर्ण झाल्याचे पत्र आले. आता मशीनशेजारच्या रजिस्टरमध्ये वॉर्म-अपचा वेगळा रकाना आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीनंतरची त्यातली नोंद माझ्याच अक्षरात आहे.