आवाजाची ओळख करून देणारी मुलं

आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं, मुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम असणार. गाणी असतात, पण ती आधीच ध्वनिमुद्रित झालेली असतात. वर्षभर मुलं आणि मोठी माणसं मिळून आवाज गोळा करतात, चाली लावतात, रचना बांधतात. ते सगळं त्या संध्याकाळी एकत्र बसून शेवटपर्यंत ऐकायचं, असा हा मेळावा. स्वागत, अहवाल, हिशेबाला मंजुरी, पाहुण्यांचा परिचय हे रीतीप्रमाणे होतं आणि व्हायलाच हवं. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांच्या बोलण्यांबद्दल.

प्रत्येक रचना लावण्याआधी ती करणाऱ्यांपैकी एक मूल उठतं आणि तिच्यातल्या एका आवाजाची ओळख करून देतं. आवाज कुणाचा, कुठून आणला, तेव्हा काय चाललं होतं, एवढंच सांगायचं. कागद हातात घ्यायचा नाही आणि मान्यवरांची नावं घेत बसायचं नाही. ही पद्धत आमच्या संगीताच्या बाईंनी पाडली. बाई मुलांना फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांची गोष्ट सांगायच्या. त्यांनी १९४८ साली पॅरिसमध्ये आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून त्यांचीच रचना बांधली. ती गोष्ट ऐकून मुलं दारं, नळ, जिने, जे सापडेल ते रेकॉर्ड करून आणायची. मग बाई दुसरी गोष्ट काढायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं जे काम उभं केलं, त्यात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, पण ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव-गावही नोंदलं गेलं. बाई म्हणायच्या, आवाज आणलात, आता तो कुणाचा आहे ते सांगा. त्यांच्या या एका आग्रहावर आमचा सगळा मेळावा उभा आहे, असं मी आजही मानतो.

एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने आजोबांच्या शिलाई मशीनचा आवाज आणला होता. पायाने चालवायची जुनी मशीन. पहिल्यांदा तिने रेकॉर्डर मशीनच्या फळीवरच ठेवला, तर नुसती घरघर आली. मग जमिनीवर टॉवेलची चौपदरी घडी, त्यावर रेकॉर्डर, तोंड आजोबांच्या पायांकडे. असा घेतल्यावर तो आवाज सुरेख आला: सुरुवातीला दोन-तीन अडखळते ठोके, मग पायाने वेग धरला की एकसारखी धाव, आणि शिवण संपत आली की पुन्हा संथ. त्यावर गाणं बसवायला घेतलं तेव्हा पंचाईत झाली. लय धरायला हेडफोनमध्ये लावलेली टिकटिक एकीकडे आणि मशीन दुसरीकडे. आमच्या रेकॉर्डिंगवाल्या दादाने संगणकावर मशीनचे ठोके ओढूनताणून सारख्या अंतरावर बसवले. ते तालात आले, पण त्यातला माणूस निघून गेला. ढोलकी वाजवणारे काका म्हणाले, "मशीनला आपल्या लयीत कशाला आणता? आपण तिच्या लयीत जाऊ." टिकटिक बंद केली. सगळ्यांनी कानात मशीन ऐकत नव्याने वाजवलं आणि गायलं.

मेळाव्यात ती मुलगी उठली आणि म्हणाली, "हा मशीनचा आवाज नाही, माझ्या आजोबांच्या पायांचा आहे." आजोबा दुसऱ्या रांगेत बसले होते. रचना सुरू झाली. मध्यावर एका जागी मशीन क्षणभर थांबते, सगळे गाणारेही थांबतात आणि मग एकदम उचलतात. तो थांबा आम्हा सर्वांचा लाडका. रचना संपल्यावर आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले, "तिथे माझा दोरा तुटला होता. परत लावा." परत लावली. दुसऱ्यांदा ऐकताना अख्खं सभागृह त्या तुटलेल्या दोऱ्याची वाट बघत होतं. मी इतक्या ठिकाणी इतकं संगीत ऐकलं, पण अशी एकजीव झालेली मैफल मला दुसरीकडे मिळाली नाही.

२०२० साली एकत्र बसणंच शक्य नव्हतं. पुष्कळांनी सुचवलं, सगळे नेटवर जमून एकाच वेळी गाऊ. ते होत नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १७ मीटरवरच्या माणसाची टाळी आपल्याला जवळजवळ ५० मिलिसेकंद उशिरा ऐकू येते आणि तेवढ्यानेही ठेका डळमळतो. म्हणून तर गाताना बाई सगळ्यांना एकमेकांच्या जवळ, अर्धवर्तुळात बसवायच्या. नेटवरचा उशीर बहुतेकदा याहून मोठा, शिवाय सतत बदलणारा. मग प्रत्येकाने आपापल्या घरी एका कानात मूळ सूर ऐकत मोबाइलवर गायचं आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायची, असं ठरलं. त्या टाळ्या जुळवून दादाने सगळ्यांना एकत्र आणलं.

त्या वर्षी एका मुलाने पडद्यावरून जी ओळख करून दिली ती मी विसरणार नाही. तो म्हणाला, "घरात शांत जागा नव्हती म्हणून मी रजईखाली गायलो. मागे ऐकू येतंय ते माझ्या बहिणीचं पाठांतर आहे. दादाने ते पुसलं होतं, मी परत घालायला लावलं." बहिणीचं नाव गाणाऱ्यांच्या यादीत गेलं. तिथेच जायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते आणि ती बोलून दाखवणार. आपल्या मुलाची रचना झाली की काही पालक त्याला घेऊन निघून जातात. फोटो काढून होतो आणि चौथ्या-पाचव्या रचनेपर्यंत मागच्या रांगा ओस पडतात. ज्या मुलाला शेवटी बोलायचं असतं ते सकाळपासून मनात वाक्यं जुळवत असतं. त्याने रिकाम्या खुर्च्यांना का सांगायचं? मंडळाचे काही पदाधिकारीही प्रास्ताविक आटोपून जातात. त्यांनी एकदा शेवटपर्यंत बसावं, मग पुढच्या वर्षी त्यांना बसा म्हणून सांगावं लागणार नाही.

मदत करणाऱ्यांची आठवण काढायला बसलो की कुणीतरी सुटेल अशी धास्ती वाटते. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखे, फ्रिज, मोटर बंद आहेत ना हे घरोघर जाऊन बघणाऱ्या दोघी मावश्या. प्रत्येक मुलाच्या आईवडिलांची आणि आवाज देणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची लेखी संमती घेणाऱ्या ताई. नको म्हणणाऱ्याचा आवाज त्यांनी एकदाही पुढे जाऊ दिला नाही. भिंतींना लावायला गोधड्या देणारी सगळी घरं. फाटकाच्या बिजागरीत न सांगता तेल घालणारे पहारेकरी काका. प्रत्येक फाइल दोन हार्ड डिस्कवर उतरवून त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवणारा कॉलेजचा मुलगा. एक डिस्क बंद पडली तेव्हा चार वर्षांचं काम त्याच्यामुळे वाचलं. नावांची यादी तीनतीनदा तपासणाऱ्या ग्रंथपाल बाई. नव्या बॅटऱ्या खिशात घेऊन फिरणारे निवृत्त पोस्टमन. आणि बोलायच्या आधी रडकुंडीला आलेल्या मुलांशेजारी जाऊन नुसत्या बसणाऱ्या बालवाडीच्या बाई.

आणखी एक जण राहिले. मेळावा संपल्यावर सगळे बोलत उभे असतात तेव्हा हे गृहस्थ माइकच्या वायर गुंडाळत असतात. एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे वायरीला पीळ पडत नाही आणि पुढच्या वेळी फेकली की सरळ उलगडते. मंडळातल्या निम्म्या मुलांना हे त्यांनीच शिकवलं. आजवर कुणी त्यांना मंचावर बोलावलेलं नाही. यंदा त्यांनी पहिल्या रांगेत बसावं आणि वायर गुंडाळतानाच्या आवाजाची ओळख त्यांच्याच एखाद्या शिष्याने करून द्यावी, असं मी कार्यकारिणीला लेखी कळवलं आहे.