मोबाईलवर ट्रेन चालली, पण आधी वायफायने तीन रात्री रडवलं

मॉडेल ट्रेन मोबाईलवरून चालवायला काय लागतं असं कोणी विचारलं तर मी आता एकच सांगतो, राउटरचा पासवर्ड आणि भरपूर सहनशक्ती. बाकी सगळं होतं.

मुळात मला वायर नको होती. लेआउटच्या या टोकाला कंट्रोलर, गाडी त्या टोकाला शंटिंग करतेय आणि मी वायर ओढत ओढत मागे, त्यात एकदा वायर अडकून सिग्नल आडवा झाला तेव्हाच ठरवलं की बास. डीसीसी सिस्टीम होतीच (म्हणजे रुळातून वीज आणि हुकूम दोन्ही जातात, प्रत्येक इंजिनातला डिकोडर फक्त आपल्या नंबरचा हुकूम ऐकतो). कमांड स्टेशन (रुळात हे हुकूम सोडणारा डबा) यूएसबीने जुन्या लॅपटॉपला जोडलं, त्यावर जेएमआरआय हे मॉडेल ट्रेनचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यातला वायथ्रॉटल सर्व्हर (फोनचे हुकूम वायफायवरून घेणारा भाग) चालू केला, अँड्रॉइड फोनवर इंजिन ड्रायव्हर हे ॲप. सगळं फुकट, तासाभरात झालं.

आणि ॲपमध्ये सर्व्हरची लिस्ट रिकामी.

पहिल्या रात्री ॲप चार वेळा काढून परत टाकलं. लॅपटॉपवर सर्व्हरची खिडकी उघडी, त्यात आयपी ॲड्रेस आणि पोर्ट १२०९० स्पष्ट दिसतंय, मी ते हाताने टाकतोय तरी कनेक्ट होईना. दुसऱ्या रात्री विंडोजच्या फायरवॉलचा संशय आला, कारण पहिल्यांदा जावाला (जेएमआरआय त्यावरच चालतं) परवानगी द्यायची का असं विचारलं होतं तेव्हा मी घाईत कॅन्सल दाबलं होतं. परवानगी दिली, काही फरक नाही, मग उगाच उघडं कशाला म्हणून परत बंद केली. हा शहाणपणा लक्षात ठेवा. मग राउटर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. "इंटरनेट चालतंय ना सर?" चालतंय. "मग प्रॉब्लेम काय आहे?" आता यांना काय सांगू, की मला इंटरनेट नकोच आहे, मला फक्त या खोलीतल्या फोनने याच खोलीतल्या लॅपटॉपशी बोलायचंय! राउटर रीस्टार्ट करायला सांगितलं. केला. दोनदा.

तिसऱ्या रात्री सहज नजर गेली, फोन गेस्ट वायफायवर. मीच कधीतरी जोडला असणार. गेस्ट नेटवर्कवर इंटरनेट मिळतं पण घरातली बाकीची उपकरणं दिसत नाहीत, ते त्याचसाठी असतं. फोन मेन वायफायवर आणला आणि तरीही नाही! कारण फायरवॉलमधली परवानगी मी परत बंद केली होती ना. दोन कुलपं होती आणि मी एका वेळी एकच उघडून बघत होतो. दोन्ही उघडली आणि लिस्टमध्ये नाव आलं. इंजिनाचा ॲड्रेस ३ टाकला (नवीन डिकोडर बहुतेक यावरच असतो), एफ० दाबलं, पुढचा दिवा लागला. रात्रीचा एक वाजला होता, ओरडता पण येईना.

अडकलात तर ॲपशी भांडत बसू नका, आधी जेएमआरआयचा वेब सर्व्हर चालू करून फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी आणि पुढे कोलन (:) देऊन १२०८० टाका. पान उघडलं तर रस्ता मोकळा आहे. आयफोनवाल्यांनी वायथ्रॉटल ॲपला लोकल नेटवर्कची परवानगी दिलीय का तेही बघा.

स्क्रीनवरच्या स्लायडरला गोल नॉबची मजा नाही, हे मान्य. अंगठा कुठे आहे बघायला मान खाली जाते आणि तेवढ्यात गाडी बफरवर. मी व्हॉल्यूमच्या बटणांवर स्पीड घेतो, न बघता जमतं. टॅबलेटवर दोन इंजिनं शेजारी शेजारी मस्त दिसतात पण एका हातात तो धरून डबे जोडणं, विसरा.

फोन गायब झाला तर गाडी पळत सुटेल ही भीती होती. सर्व्हरला फोनकडून ठराविक वेळाने खूण लागते, ती आली नाही की तो इंजिन थांबवतो. हे सेटिंग चालू आहे ना ते बघाच, मी फोन मुद्दाम एअरप्लेन मोडवर टाकून बघितलं, थोडी पुढे जाऊन थांबली.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, ट्रेनसाठी वेगळा, इंटरनेट नसलेला राउटर लावलात तर मोबाईल डेटा बंद ठेवा. नाहीतर या वायफायला नेट नाही म्हणून फोन गुपचूप डेटावर उडी मारतो आणि लिस्ट परत रिकामी.