गोव्यात भेटलेली दुसरी राणी

ग्वाल्हेरात राहून झाशीच्या राणीच्या समाधीवर कोण जातं हो? मी शेवटची गेले ती शाळेच्या ट्रिपला. समाधी आहे त्या फूलबागेवरून रोज टेम्पोतून जाते, पण मान काही वळत नाही, तेवढ्या वेळात मोबाईलमध्ये काहीतरी चालू असतं. आणि तीच मी गोवा एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री काढून ओल्ड गोव्यात भलत्याच देशाच्या राणीसाठी तासभर उन्हात उभी, आता बोला.

आई, आत्या आणि मी, अशा तिघी. बॉम जेझू चर्चला सेंट झेवियरसाठी ही गर्दी, आत्या म्हणाली झालं ना बघून, आता सावली शोध. पण समोरच्या टेकडीवर एक मोडका मनोरा दिसत होता, तो मला काही सोडेना. पाच-दहा मिनिटांचा चढ, वर जेमतेम चार माणसं. सेंट ऑगस्टीनचं चर्च, १६०२ मध्ये बांधून पूर्ण झालेलं. मनोरा ४६ मीटर उंच होता म्हणे, आता अर्धाच उरलाय, वरून चिरून काढल्यासारखा. सगळा जांभा दगड, जवळ जाऊन बघितलं तर अनारशासारखी जाळी, बोट लावलं की लाल भुकटी हाताला. फरशीवर जुन्या कबरींचे दगड, आपण त्यांच्यावरूनच चालतोय हे आईच्या जरा उशिरा लक्षात आलं आणि मग ती चप्पल हातात घेऊन कडेकडेनं चालायला लागली.

पडलं कसं, तर लढाईबिढाई काही नाही. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं ख्रिस्ती साधूंच्या संस्थाच बंद केल्या, ऑगस्टीनवाले पाद्री गेले, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा. घंटा तेवढी वाचली, ती पणजीच्या चर्चमध्ये आहे. आत्या लगेच, "आपल्या जनकगंजच्या वाड्याचं काय वेगळं झालं? माणसं गेली की छत जातंच." वाड्याचा विषय निघाला की आमच्याकडे पुढची पंधरा मिनिटं जातात, ती इथेही गेली.

तर राणी. केतेवान, जॉर्जियातल्या काखेती राज्याची. इराणच्या शाह अब्बासनं तिला शिराजमध्ये कैदेत ठेवलं, धर्म बदल म्हणून मागे लागला, ती बधली नाही, १६२४ मध्ये हालहाल करून मारलं. शिराजला ऑगस्टीनचे पाद्री होते, त्यांनी नंतर तिचे अवशेष मिळवले, थोडे जॉर्जियात अलावेर्दीला पोचवले आणि थोडे १६२७ मध्ये इथे आणले. जुन्या पोर्तुगीज कागदात चक्क पत्ता लिहिलेला, मठाच्या सभागृहातली दुसरी खिडकी, तिथे काळ्या दगडाच्या पेटीत. पण सगळंच ढिगाऱ्यात, खिडकी कुठली नि भिंत कुठली! बरीच वर्षं खोदून शेवटी हाताचं हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं डीएनए काढला आणि तो जॉर्जियाच्या लोकांशी जुळला. २०२१ मध्ये भारत सरकारनं अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला देऊन टाकला.

म्हणजे आम्ही जे बघत होतो ती रिकामी जागा. आत्याला हे कळलं तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच फसवलं तिला. पण मग तिथेच पायरीवर बसली आणि म्हणाली, "आपल्या बाईसाहेबांनी बरं केलं, मागे काही ठेवलंच नाही."

आमच्याकडे सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. जून १८५८, राणी जखमी होऊन गंगादासाच्या बड्या शाळेत, म्हणजे साधूंच्या मठात आली, माझं शरीर इंग्रजांच्या हाती लागू देऊ नका म्हणाली, साधूंनी तिथल्याच झोपडीचं गवत-लाकूड रचून चिता पेटवली, आणि तोवर इंग्रजांना थोपवताना ७४५ साधू गेले असं सांगतात. (ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे तेव्हा आग्र्याला का गेले होते हा प्रश्न ग्वाल्हेरच्या मराठी पंगतीत काढू नये, ताट अर्धवट सोडून उठावं लागतं.) एकीची हाडं लोकांनी समुद्रापार नेऊन लपवली, दुसरीची राखच तेवढी ठेवली. दोन्हीकडे हे केलं साधू-पाद्र्यांनीच, सरदार-दरकदार कुठे होते कोण जाणे.

खिडकीचा फोटो काढला, त्यात नुसता दगड आणि आत्याची छत्री आलीये.

परत आलो तेव्हा स्टेशनवरून ऑटो फूलबागेवरूनच निघाली. आत्यानं एकदम "भैया, जरा रोकना" म्हणून थांबवली, सामानासकट उतरली, तर गेट बंद. रविवारी येऊ म्हणाली. तीन रविवार झाले. एकदा पाहुणे, एकदा पाऊस, आणि काल तर दोघींनाही आठवलंच नाही.